दौलतरावांचा घाम

माझी बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी हात जोडायच्या आधी मूर्तीला रंग कोणी दिलाय ते बघता. खोटं नाही. आयुष्यभर माणसांच्या तोंडांना रंग फासला, आता कुठलाही चेहरा समोर आला की पहिला विचार येतो, ह्याच्या खाली काय आहे? बायकोच्या भाषेत मी संशयी. माझ्या भाषेत मी मेकअपवाला.

धुळ्यात माझं केस कापायचं दुकान. दुकानातून शाळेची गॅदरिंग, गावोगावची नाटकं, लग्नातल्या नवऱ्या, आणि मग अहिराणी पिक्चर. आमच्या खानदेशात पिक्चर निघतात असं सांगितलं की बाहेरची माणसं हसतात. हसू द्या. कुणाच्या तरी मळ्यात, एका कॅमेऱ्यावर, उधार आणलेल्या गाडीत आमचा पिक्चर होतो आणि इथून सुरतेपर्यंत लोक तो फोनवर बघतात. नायकाचा भाऊ किराणा दुकानदार असतो, नायिका नर्स असते, आणि मी सगळ्यांचा ‘मेकपभाऊ’.

मेकअप म्हणजे गोरं करणं, असा लोकांचा समज आहे. आमच्याकडे मेकअप म्हणजे घामाचं काम. शूटिंग उन्हाळ्यात, कारण तेव्हा शेतं मोकळी आणि माणसंही मोकळी. त्या उन्हात सगळ्यांनाच घाम फुटतो, पण कॅमेऱ्यासमोर तो सगळ्यांना फुटून चालत नाही. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याला, घाम हवाच. नसला तर मी फवाऱ्याने मारतो, पाण्यात दोन थेंब ग्लिसरीन टाकून, म्हणजे तो ओघळत नाही, टिकतो. मालकाला मात्र घाम चालत नाही. त्याच्याजवळ मी मलमलचा रुमाल आणि पावडर घेऊन उभा. पडद्यावर श्रीमंत कोण आणि गरीब कोण हे कपड्यांवरून ठरतं असं तुम्हाला वाटत असेल. कपडे काय, दोघांचेही भाड्याचेच असतात.

एकदा एक उमेदवार पोस्टरच्या फोटोसाठी माझ्याकडे आले. परीटघडीचे कपडे, हातात अंगठ्या, गाडीत एसी लावून आलेले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मेकपभाऊ, थोडा घाम मारा. शेतातून आल्यासारखं वाटलं पाहिजे.” मी मारला. कपाळावर मारला, मानेवर मारला. फोटो झाल्यावर गृहस्थ चिडले, “पुसा लवकर, चिकचिक होतंय.” त्या माणसाला मी मत दिलं नाही, हे इथे सांगून टाकतो.

आणि आमचा तुकाराम! एसटीचा ड्रायव्हर, भला माणूस, सेटवर सतरंज्या उचलणारा. त्याला एका पिक्चरमध्ये आमदार केला. सकाळी पांढरे कपडे चढवले, आणि दुपारी जेवायच्या वेळी हा बाबा खुर्चीवरून उठेना. ताट कोणी आणून देतंय का म्हणून बघत बसला. मी म्हटलं, “तुकाराम, पंगत तिकडे आहे.” तर मला म्हणतो, “हो, पण मला कोणी बोलवलंच नाही!” वर बारीक आवाजात, “मुद्दामच करताहेत हे लोक.” कपडे भाड्याचे, आमदारकी संध्याकाळपर्यंतची, पण संशय मात्र अस्सल होता. तेव्हापासून मला वाटायला लागलं की पैसा आणि सत्ता माणसाच्या अंगात शिरते ती ह्याच दारातून. आधी वाटतं, आपल्याला मान मिळत नाही. मग वाटतं, जो मान देतो त्याला काहीतरी हवंय.

ही सगळी प्रस्तावना ज्यांच्यासाठी, त्या दौलतरावांकडे आता येतो.

दौलतराव हे पिक्चरमधलं माणूस. ते लिहिलं प्रमोद सरांनी. सर धुळ्यात शाळामास्तर, सुट्टीत पिक्चर काढणारे, अबोल, नाकावर चष्मा. त्यांचा दौलतराव म्हणजे मोठा बागायतदार. विहिरीला कुलूप लावणारा, झाडाखाली पडलेली लिंबं मोजून घेणारा. ताटातला पहिला घास आपल्या सालदाराला, गोविंदाला, खायला लावणारा, कारण न जाणो पोटच्या पोराने विष घातलं तर? शेवटी आजारपणात सगळे सोडून जातात, गोविंदा तेवढा राहतो, आणि दौलतराव गावासमोर त्याला राहतं घर देऊन टाकतो. अशी गोष्ट.

पैसा लावायला तयार झाले जळगावचे एक भाऊसाहेब. जमिनी घ्यायच्या, प्लॉट पाडायचे आणि विकायचे, हा त्यांचा धंदा. पुढे निवडणूक होती. एरंडोलच्या अलीकडे महामार्गाला लागून त्यांची लिंबाची बाग होती, शूटिंग तिथेच करा म्हणाले. आणि पुढे म्हणाले, “दौलतराव मी करतो.”

प्रमोद सरांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

आता माझ्या खुर्चीचा एक नियम सांगतो. मेकअप करताना डोळे मिटावे लागतात. गरीब माणूस बसल्या बसल्या डोळे मिटतो, कित्येकदा घोरायलाही लागतो. त्याला वाटतं, चला, बसायला तरी मिळालं. भाऊसाहेब मात्र एका वेळी एकच डोळा मिटायचे. डाव्या पापणीवर हात फिरवत असलो की उजवा टक्क उघडा, माझ्या हातावर. उजवीकडे गेलो की डावा. पहिल्या दिवशी मी क्रीमची डबी उघडली तर म्हणाले, “थांबा. शंकर, इकडे ये.” शंकर त्यांचा ड्रायव्हर. त्याच्या गालाला ते क्रीम लावायला लावलं आणि त्याचा गाल लाल होतोय का हे बघत आम्ही सगळे उभे राहिलो. शंकरला सवय असावी. त्याने न सांगता गाल पुढे केला होता.

मी सरांना बाजूला घेऊन म्हटलं, “सर, खरं सांगा, दौलतराव तुम्ही ह्यांना बघूनच लिहिला ना?”

“छे हो,” सर म्हणाले, “आज पहिल्यांदा जवळून बघतोय.” त्यांच्या चष्म्यावर ऊन चमकत होतं, डोळे काही दिसले नाहीत.

भाऊसाहेबांना दौलतराव आवडला होता. कुलूप लावायचा सीन त्यांनी एका टेकमध्ये दिला, आणि वर सरांना सांगितलं, “हे बरोबर लिहिलंय तुम्ही. माणसाने असंच राहावं लागतं.” लिंबं मोजायच्या सीनमध्ये तर ते खरोखरच मोजत होते. आम्ही कट म्हटल्यावरही थांबेनात. अडचण यायची ती दौलतराव मऊ होतो तिथे. गोविंदाच्या घरी बसून चहा पितो असा एक सीन होता, तो त्यांनी काढून टाकला. “माझी माणसं बघतील, सालदाराच्या घरी कपबशी धरलेली. नको.” जमिनीवर बसायचा सीनही गेला. आणि शेवटचा, घर द्यायचा सीन वाचून तर ते खुर्चीत माझ्या हाताखालीच हसले.

“मास्तर, एवढं कमावलेला माणूस असं देऊन टाकेल? ह्याला काय मिळालं?”

“मनाला लागलं त्याच्या,” सर म्हणाले.

“मनाला लागलं म्हणून कोणी सातबारा बदलतो होय?” मग जरा विचार करून म्हणाले, “पण ठेवा तो सीन. मोठा करा. सगळं गाव दिसलं पाहिजे, टाळ्या दिसल्या पाहिजेत. निवडणुकीआधी कामाला येईल.”

गोविंदाचं काम करणारा नट शिरपूरकडचा होता. तो ऐनवेळी लग्नाच्या बँडबरोबर निघून गेला. तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, “दुसरा कशाला शोधता? आपला सुपडू आहे की.”

सुपडूनाना म्हणजे त्या बागेचा खराच सालदार. भाऊसाहेबांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. विहिरीजवळ पत्र्याच्या छपराचं, दोन खणांचं मातीचं घर, दारात कडुनिंब, आणि घरात वेणूअक्का, त्यांची म्हातारी. नानांना मी खुर्चीत बसवलं तर दोन्ही डोळे मिटले आणि म्हणाले, “चांगलं करा भो, म्हातारीनी वळखाले पाहिजे.” फवाऱ्याची गरजच पडली नाही. काम सोपं होतं त्यांचं. सर सांगतील तसं उभं राहायचं, सांगतील तेवढंच बोलायचं. एक शब्द जास्त नाही की कमी नाही.

एक दिवस भाऊसाहेब खुर्चीत होते आणि फोनवर बोलत होते. मेकअपवाल्यासमोर माणसं काहीही बोलतात. खुर्चीला कान नसतात तसे आम्हालाही नसतात असं त्यांना वाटतं. म्हणत होते, “पावसाआधी सगळी जागा सपाट करून घ्या. झाडं काढा. विहीर बुजवा. हां, एक झोपडं आहे, ते निघेल. सुपडू कुठे जाणार? जाईल कुठेतरी. पिक्चर संपू द्या फक्त.”

माझा हात त्यांच्या कपाळावर होता. तो तिथेच थांबला. त्यांचा उघडा डोळा माझ्याकडे वळला. “काय झालं?”

“घाम,” मी म्हटलं, आणि पुसला.

मनात इतका संताप आला की सांगता सोय नाही. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं. मूलबाळ नाही. तिकडे कडुनिंबाखाली नाना उद्याचं वाक्य पाठ करत बसले होते आणि अक्का त्यांना चुकलं की हसत होती. मी जाऊन सरांना सगळं सांगितलं. सर ऐकून घेत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला त्यांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सरांनी फक्त एक बदल केला. शेवटचा सीन आखाजीला घ्यायचा, म्हणाले.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाहेर तिला लोक सोनं घेतात. आमच्या खानदेशात त्या दिवशी माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, घरोघरी पुरणपोळी आणि आमरस, पुरुष झाडाखाली पत्ते कुटत बसतात. आणि सालदाराचं वर्ष त्याच दिवशी सुटतं, नवं त्याच दिवशी धरलं जातं. मालक त्याला कुंकू लावतो, हातात नारळ-सुपारी देतो, चार जुनी माणसं बघायला असतात, आणि जे बोललं जाईल ते ठरलं. त्याला कागद लागत नाही. आखाजीला नारळ देऊन बोललेला शब्द मागे घेतलेला मी ऐकलेला नाही, आणि माझ्या कानावर पुष्कळ येतं.

भाऊसाहेब खूष झाले. “वा! आखाजीला गाव आयतं मोकळं सापडेल. भाड्याची गर्दी नको, खरं गावच बोलवा.” नारळ कोणता आणू म्हणून मी विचारलं, कारण आमच्याकडे रंगवलेला एक लाकडी नारळ आहे, पडला तरी फुटत नाही. सर म्हणाले, “खरा आणा. कॅमेऱ्यात लाकूड दिसतं.” गेली कित्येक वर्षं तोच लाकडी नारळ त्यांच्या कॅमेऱ्यात दिसत होता, तेव्हा काही म्हणाले नव्हते. माझ्या डोक्यात किडा वळवळला. पण मी नारळ आणला. दुकानातून, शेंडी बघून.

सीनला सगळं गाव आलं. माहेरवाशिणी नव्या साड्यांत, पोरंसोरं झाडांवर. पुढे बाजेवर गावची चार म्हातारी माणसं बसवली, मध्ये आबा. आबा म्हणजे गावातले सर्वांत वडीलधारे, भांडणतंट्यात ज्यांचा शब्द चालतो ते. मागे सुपडूनानांचं घर, दारात वेणूअक्का.

भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी हवं असं सरांचं म्हणणं होतं. मी ग्लिसरीनची बाटली काढली. “शंकर!” हाक आली. शंकरच्या डोळ्याला लावलं, तो बिचारा भळाभळा रडायला लागला. भाऊसाहेब म्हणाले, “राहू द्या. दौलतराव रडणारा माणूस नाही.”

पहिले टेक वाया गेले. ‘सगळ्या गावासमोर सांगतो, आजपासून हे घर तुझं’ हे वाक्य बरोबर होतं, पण भाऊसाहेब नारळ असा पुढे करायचे जसा टोलनाक्यावर पैसे देतात. सर शांतपणे म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही देताय. वसूल नाही करताय.” गावात कोणीतरी खुसकन हसलं. भाऊसाहेबांचे कान लाल झाले. मी पुढे होऊन तोंड पुसलं, पावडर मारली. त्यांचा श्वास जोरात चालला होता.

मग तो टेक. भाऊसाहेबांनी नानांना कुंकू लावलं. नाना वाकले होते, त्यांची मान बारीक थरथरत होती. भाऊसाहेबांनी नारळ-सुपारी त्यांच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाले, “सुपडू, बठ्ठा गावनासमोर सांगस. आजपाईन हाई घर तुन्हं शे.”

सुपडू! पिक्चरमध्ये नाव गोविंदा होतं. जन्मभर ज्याला सुपडू म्हणून हाक मारली त्याचं दुसरं नाव जिभेवर आलं नाही, एवढंच. असं झालं की सर लगेच कट म्हणतात. दर वेळी म्हणतात. मी त्यांच्याकडे बघितलं. ते कॅमेऱ्यामागे वाकलेले, गप्प.

आणि सुपडूनाना, जे कधी एक शब्द जास्त बोलले नाहीत, ते मान वर करून म्हणाले, “मालक, आनि मी मरी गऊ तरी? मन्ही म्हातारीले आठेतून कोनी काढाव नही ना?”

आपण मेलो तरी म्हातारीला इथून कोणी काढणार नाही ना, असं सालदार मालकाला विचारत होता. कॅमेरा चालू. सगळं गाव भाऊसाहेबांच्या तोंडाकडे बघतंय. मी बघितलं, कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, मी आत्ताच कोरडं केलेलं कपाळ. डोळ्यांत पाणी आलं. आवाज खाली गेला. “नही,” भाऊसाहेब म्हणाले. “तिले कोनी काढाव नही. मी शब्द देस.”

टाळ्या अशा पडल्या की झाडावरची पोरं खाली उतरली. वेणूअक्का दारात खाली बसून पदरात तोंड घालून रडत होती. सर हळूच म्हणाले, “ओके. झालं.”

सीनचा तो तुकडा आठवड्याभरात सगळ्यांच्या फोनवर गेला. सर्वांत जास्त कोणी पाठवला म्हणाल, तर भाऊसाहेबांनी. खाली हात जोडलेलं चित्र टाकून, गरिबांचा वाली वगैरे. मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, “माणूस बदलला वाटतं.” मी म्हटलं, “पाऊस जवळ आलाय, बघू.”

आणि पाऊस जवळ आला तसा मला भाऊसाहेबांचा फोन आला. “मेकपभाऊ, गाडी पाठवतोय. मास्तरला घेऊन बागेत या.”

गेलो. अर्धी बाग जमीनदोस्त झालेली, विहिरीच्या कडेला जेसीबी उभा. घराच्या उंबऱ्यावर सुपडूनाना, मांडीवर तो नारळ, लाल फडक्यात, न फोडलेला. त्यांच्या मागे वेणूअक्का. कडुनिंबाखाली आबा आणि गावची माणसं. भाऊसाहेब उन्हात येरझारा घालत होते.

“समजवा ह्याला,” ते आम्हाला म्हणाले. “म्हणतो घर माझं. मास्तर, सांगा, तो पिक्चर होता.”

“पिक्चर होता,” सर म्हणाले.

आबा हसले. “आम्हले माहीत शे पिच्चर व्हता. आम्ही काय येडा शेत? पन नारय पिच्चरना व्हता का दुकानना?”

मी मान खाली घातली. नारळ मीच आणलेला.

“आनि आखाजी? ती पिच्चरनी व्हती का?”

“अहो आबा, मी दौलतराव म्हणून बोललो!”

“मंग सुपडू कोन व्हता? पिच्चरमा ते गोविंदा व्हता. तुम्हीन सुपडू म्हनीसन हाक मारी.”

भाऊसाहेबांचा चेहरा मी इतक्या वेळा हाताळला होता, पण असा कधी बघितला नव्हता. चहूकडे बघत होते, कुठून वार झाला ते शोधत असल्यासारखे. मग माझ्यावर नजर थांबली. आणि त्या नजरेतच मला कळलं, आता मला काय बोलायला सांगणार आहेत.

“मेकपभाऊ, तुम्ही सांगा ह्या लोकांना. माझ्या डोळ्यांत ते पाणी तुम्हीच घातलं होतं की नाही?”

खरं सांगतो, घाबरलो होतो मी. जळगावपासून धुळ्यापर्यंत त्या माणसाची ओळख. माझं छोटंसं दुकान. एक ‘हो’ म्हटलं की सुटलो असतो. नाना माझ्याकडे बघतच नव्हते, नारळाकडे बघत होते. अक्का मात्र माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नाही भाऊसाहेब,” मी म्हटलं. “ग्लिसरीन तुम्ही लावू दिलं नव्हतं. शंकरला लावलं होतं.”

गाव फिस्सकन हसलं. गाडीला टेकलेला शंकरसुद्धा हसला, आणि लगेच तोंड फिरवलं. माणसांचे फोन वर झाले होते, दोन-चार, मग बरेच. भाऊसाहेबांनी ते फोन बघितले. हिशेब करायला त्यांना वेळ लागत नाही. शर्ट नीट केला, घसा साफ केला, आणि जेसीबीवाल्याला मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अरे, हे घर सोडून घ्यायला सांगितलं होतं ना तुला!”

परत येताना मी सरांना विचारलंच. “सर, नाव चुकलं तेव्हा कट का म्हणाला नाहीत?”

“टेक चांगला होता,” सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मास्तरांचे चेहरे वाचायला फार अवघड. आजही मला नक्की सांगता येत नाही.

भाऊसाहेब निवडून आले. प्लॉट पडले, विकले गेले, त्यांच्यावर बंगले चढले, आणि मधोमध ते पत्र्याचं घर आणि कडुनिंब. कागद केला नाही. मी दोनदा सुचवून पाहिलं. “शब्द दिलाय ना?” असं हसून म्हणाले. त्या हसण्यावर माझा काडीचा भरवसा नव्हता.

गेल्या हिवाळ्यात सुपडूनाना गेले. कळलं तसा मी भेटायला गेलो. वेणूअक्का खाली बसलेली, देव्हाऱ्यात तो नारळ, वाळून आतून खुळखुळ वाजणारा. आबा आले होते. आता अक्काच्या घराचं काय, हीच एक गोष्ट जो तो मनात घोळवत बसला होता. इतक्यात बाहेर गाडी थांबली.

भाऊसाहेब आत आले. बाजेवर बसले. कोणीतरी चहा आणून त्यांच्या हातात कपबशी दिली. दारात उभ्या शंकरचा हात सवयीने पुढे आला, मग त्यानेच मागे घेतला. भाऊसाहेब कप हातात धरून बसले. मग म्हणाले, “अक्का, आता नाना गेले. एक खरं सांग. त्या दिवशी ते मधेच विचारलं ना नानांनी, ते कोणी शिकवलं होतं? मास्तरने? ह्या मेकपवाल्याने?”

इतकी वर्षं हा माणूस हेच घेऊन बसला होता!

अक्काने डोळे पुसले. “कोन शिकाडी त्यास्ले? मी बी इचारं व्हतं. त्या म्हनेत, मालकना डोयामा पानी दखायनं, म्हनीसन इचारी लिधं.”

मालकाच्या डोळ्यांत पाणी दिसलं, म्हणून विचारून घेतलं. आबांनी मान हलवली. मला वाटलं, आता तरी. आता तरी ह्या माणसाला कळेल की जन्मात एकदा कोणीतरी त्याच्या तोंडाकडे बघून त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

भाऊसाहेब उठले. चहा तसाच होता. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “ऐकलंत ना? टपूनच बसला होता म्हातारा.” आणि गाडीत बसून गेले.

अक्काला अजून कोणी काढलेलं नाही. पुढची निवडणूक जवळ आहे म्हणून असेल. दिलेला शब्द कुठेतरी टोचत असेल म्हणून असेल, असंही माझी बायको म्हणते. ती भोळी आहे. मला महिन्यातून एकदा तरी कामासाठी एसटीने धुळ्याहून जळगावला जावं लागतं. सकाळच्या गाडीत माणसं झोपतात, माझेही डोळे जड होतात. पण एरंडोल जवळ आलं की मी शेजारच्याला विनवून बागेच्या बाजूची खिडकी मागून घेतो. बंगल्यांमागून कडुनिंबाचा शेंडा दिसतो, मग त्याच्याखालचा पत्रा. पत्रा दिसला की मी डोळे मिटतो.